दीर्घकालीन वाचाघात व संगणकाधारित उपचार : एक ऐतिहासिक आढावा

पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये पॅरिस येथे, केवळ 'टॅन' एवढाच उच्चार करू शकणाऱ्या रुग्णाच्या शवविच्छेदनावरून वाचेचा संबंध मेंदूच्या अग्रखंडाशी जोडला. रोगाचे स्थान सापडले, तरी गेलेली वाचा परत मिळविण्याचा प्रश्न शिल्लकच राहिला. पक्षाघातानंतरचे पहिले काही महिने उलटले की सुधारणा थांबते, अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती.

या समजुतीस छेद देणाऱ्या अभ्यासांत अमेरिकेतील रिचर्ड कॅट्झ व रॉबर्ट वर्ट्झ यांचा १९९७ चा अभ्यास महत्त्वाचा होय. त्यांनी ५५ जुन्या रुग्णांचे तीन गट केले. एका गटाने २६ आठवडे संगणकावर वाचनाचा सराव केला, दुसऱ्याने संगणकावरच भाषेशी संबंध नसलेले खेळ खेळले, तर तिसऱ्यास उपचार नव्हते. पहिल्या गटाची प्रगती सरस ठरली. म्हणजेच गुण यंत्राचा नव्हे, तर भाषिक सरावाचा होता.

ब्रिटनमधील २७८ रुग्णांच्या 'बिग कॅक्टस' चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिने संगणकावर स्वतः सराव करणाऱ्या रुग्णांना, त्यांनीच निवडलेले शब्द आठवण्यात नेहमीच्या उपचारांपेक्षा १६.२ टक्के अधिक यश मिळाले. संभाषणात मात्र सुधारणा आढळली नाही; आणि रुग्णाच्या घरच्यांना तर संभाषणच हवे असते.