साखळ्या कोणी तोडल्या?

मंडळी, गेले पंधरा दिवस नातीचं पाठ्यपुस्तक माझ्या उशाशी आहे. विषय 'अपसामान्य मानसशास्त्र'. "आजी, वाचून सांग ना कसं आहे," म्हणाली. मला त्यातलं काय कळणार? पण शाळेत बत्तीस वर्षं इतिहास शिकवलाय, म्हणून इतिहासाचं प्रकरण नीट वाचलं.

आधी गुण सांगते. भाषा सोपी आहे. अपसामान्य कुणाला म्हणायचं, याची चर्चा चांगली आहे. वागणं चारचौघांपेक्षा वेगळं असलं म्हणजे आजार नव्हे. त्या माणसाला त्रास होतो का, रोजचं जगणं अडतं का, हेही पाहायचं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, हेही दिलंय. 'आजार' हा शिक्का माणसंच मारतात आणि माणसंच पुसतात, हे मुलांना कळलं तरी पुष्कळ झालं.

आता दोष. बऱ्याच पुस्तकांत असतं तेच इथेही आहे: १७९३ साली पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात डॉक्टर पिनेलने वेड्यांच्या साखळ्या तोडल्या. पिनेल तिथे १७९३ मध्ये आला हे खरं. पण साखळ्या काढल्या त्या १७९७ मध्ये, झाँ-बातिस्त प्यूसँ नावाच्या व्यवस्थापकाने. तोवर पिनेल दुसऱ्या रुग्णालयात गेलाही होता. प्यूसँ डॉक्टर नव्हता. मूळचा चामडं कमावणारा, आणि गंडमाळेवर उपचारासाठी त्याच बिसेत्रमध्ये राहिलेला रुग्ण! पिनेलने स्वतः त्याचं मोल मान्य केलं, पाठ्यपुस्तकं मात्र विसरली.

एवढं मनाला का लावून घ्यायचं, असं म्हणाल. सांगते.

आमच्या लहानपणी आत्या माडीवरच्या खोलीत असायची. बाहेरून कडी. तिला 'बाधा' आहे असं घरात म्हणत. ताट नेऊन ठेवायचं काम माझं. मी ते उंबऱ्यावर ठेवून धावत खाली यायची. ती हाक मारायची, मी एकदाही थांबले नाही.

पुस्तकातल्या साखळ्या पॅरिसमध्ये तुटून प्रकरण संपतं. पण ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडी इथे झोपडीला आग लागली, तेव्हा आत साखळदंडाने बांधलेले मनोरुग्ण होते. २८ जण गेले. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधायला सक्त मनाई केली. दोनशेवीस वर्षांनी! याबद्दल पुस्तकात अवाक्षर नाही.

नातीला म्हटलं, पुस्तक चांगलं आहे, जरूर वाच. पण त्या प्रकरणाच्या शेवटी पेन्सिलीने 'अपूर्ण' लिही. आणि कधी कुणी हाक मारली, तर उंबऱ्यावरून परत फिरू नकोस.

असो. तुमच्या घरातल्या अशा एखाद्या बंद खोलीबद्दल कुणी कधी बोललंय का?