औषधनिर्मात्याची नोंद आणि बोलण्याचा अधिकार

दोन औषधांची परस्परक्रिया घातक ठरू शकते, हे ज्ञान वैद्यकशास्त्रास नवे नाही. परंतु विशिष्ट रुग्णावर ओढवू पाहणारा असा धोका वेळीच कोणाच्या ध्यानी यावा, हा प्रश्न जितका ज्ञानाचा तितकाच नोंदीच्या रचनेचा व व्यावसायिक अधिकाराचा आहे. अमेरिकेतील औषधव्यवसायाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथील दुकानांत औषधचिठ्ठ्या अनुक्रमांकाने लावून ठेवीत. कोणती चिठ्ठी केव्हा आली, हे त्यावरून समजे. परंतु एकाच रुग्णाने दोन डॉक्टरांकडून कोणकोणती औषधे घेतली, हे समजत नसे. नोंद चिठ्ठीची होती, रुग्णाची नव्हती. शिवाय अमेरिकन फार्मास्युटिकल असोसिएशनच्या १९५२ च्या आचारसंहितेचा दंडक असा की, औषधाचे घटक व परिणाम यांविषयी औषधनिर्मात्याने रुग्णाशी चर्चा करू नये. प्रश्न आल्यास डॉक्टरांकडे बोट दाखवावे.

१९६० मध्ये व्हर्जिनियातील बेरीव्हिल येथे यूजीन व्हाइट यांनी ही चौकट मोडली. दुकानातील किरकोळ माल काढून त्यांनी त्यास व्यावसायिक कचेरीचे रूप दिले आणि प्रत्येक कुटुंबाचे नोंदपत्र ठेवण्यास प्रारंभ केला. नवी चिठ्ठी आली की पूर्वीची औषधे त्याच पत्रावर डोळ्यांसमोर येत.

अशा नोंदीचे मोल इंग्लंडमधील एका घटनेवरून ध्यानी येते. नैराश्यावरील मोनोअमाइन ऑक्सिडेज-रोधक औषधे घेणाऱ्या काही रुग्णांना तीव्र डोकेदुखी व रक्तदाबवाढ होत असे. नॉटिंगहॅमच्या एका औषधनिर्मात्याने ते औषध घेणाऱ्या आपल्या पत्नीस चीज खाल्ल्यावर हाच त्रास होताना पाहिले व लंडनचे डॉ. बॅरी ब्लॅकवेल यांना तसे कळविले. १९६३ मध्ये ब्लॅकवेल यांनी हा संबंध 'लॅन्सेट'मध्ये मांडला. चीजमधील टायरामीनचे विघटन त्या औषधामुळे रोखले जात होते. येथे औषध आणि आहार या दोन्ही गोष्टी एकाच जाणत्या नजरेखाली आल्या, त्या रुग्ण घरचा होता म्हणून. परक्या रुग्णाच्या बाबतीत ती नजर नोंदपत्रानेच लाभावयाची.

१९६९ मध्ये आचारसंहितेतील मौनाचे बंधन गेले. १९९० च्या कायद्याने, १९९३ पासून, मेडिकेड योजनेतील रुग्णांसाठी औषध देण्यापूर्वी परस्परक्रियेची तपासणी आवश्यक ठरली व रुग्णाची नोंद राखणे हे कर्तव्य झाले. पुढे संगणकाने ही तपासणी क्षणार्धात होऊ लागली.

तथापि २०१६ मध्ये 'शिकागो ट्रिब्यून'ने २५५ दुकानांत घातक औषधजोड्यांच्या चिठ्ठ्या देऊन पाहिल्या, तेव्हा ५२ टक्के दुकानांनी धोक्याचा उल्लेखही न करता औषधे दिली. दोन्ही औषधे एकाच वेळी समोर असूनही हे घडले! १९५२ मध्ये मौन हा नियम होता; २०१६ मध्ये नियम बोलण्याचा असूनही मौन उरले. नोंद धोका दाखविते, परंतु तो टळतो हात थांबवून विचारणाऱ्या माणसामुळे. आणि विचारण्यास अधिकाराइतकीच सवडही लागते.