आंतरजालीय दूरचित्रवाणी : बीड जिल्हा

आंतरजालावरून येणारी चलच्चित्रे व ध्वनी घरातील दूरचित्रवाणी संचावर पाहण्याच्या व्यवस्थेस आंतरजालीय दूरचित्रवाणी म्हणतात. पारंपरिक प्रक्षेपणात एकच कार्यक्रम एकाच वेळी सर्व संचांकडे जातो. या पद्धतीत मात्र प्रत्येक प्रेक्षकाला त्याच्या मागणीनुसार स्वतंत्रपणे चित्रे धाडली जातात. त्यामुळे निवडीस वाव मिळतो. पण घरापर्यंतची जोडणी अखंड व पुरेशा क्षमतेची असावी लागते. मराठवाड्यातील बीड जिल्ह्यात या माध्यमाचा इतिहास हा मुख्यत्वे या शेवटच्या टप्प्याचा इतिहास आहे.

पूर्वपीठिका : भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्ली येथे सुरू झाले. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी कार्यान्वित झाले. दूरचित्रवाणीच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जात असल्याने अंतर व डोंगर यांमुळे त्यांना मर्यादा पडते. साहजिकच बालाघाटच्या रांगांत वसलेला बीड जिल्हा मुंबई केंद्राच्या कक्षेबाहेर राहिला. १९७५-७६ मध्ये अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सु. २,४०० खेड्यांत शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. त्यात शेजारच्या कर्नाटक व आंध्र प्रदेश या राज्यांतील खेडी होती. महाराष्ट्राचा समावेश नव्हता. १९८३ मध्ये इन्सॅट-१ बी हा उपग्रह कार्यान्वित झाल्यावर देशभर प्रक्षेपण केंद्रे वेगाने वाढली. पुढे जिल्ह्यात अंबाजोगाई येथेही दूरदर्शनचे प्रक्षेपण केंद्र उभे राहिले.

१९९१ नंतर केबलद्वारे खाजगी वाहिन्या येऊ लागल्या. तार ओढण्याचा खर्च दाट वस्तीतच परवडत असल्याने हे साधन शहरांना अधिक सोयीचे ठरले. विखुरलेल्या वाड्या-तांड्यांना ते तितके उपयोगी नव्हते. २००३ पासून घराच्या छपरावरील लहान तबकडीने थेट उपग्रहावरून कार्यक्रम घेता येऊ लागले. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने मासिक शुल्काविना अशी सेवा सुरू केली. एकदा तबकडी व पेटी घेतली की पुढे खर्च नाही, हे तिचे ग्रामीण भागातील मोठे बलस्थान होय.

तंत्र : आंतरजालावर धाडावयाची चित्रे प्रथम संकोचित करतात व त्यांचे काही सेकंदांचे तुकडे पाडतात. जोडणीच्या वेगानुसार कमी वा अधिक स्पष्टतेचे तुकडे मागविले जातात व काही आगाऊ साठविले जातात. वेग घटल्यास चित्र धूसर होते अथवा थांबते. उच्च स्पष्टतेच्या चित्रासाठी दर सेकंदास सु. ५० लक्ष बिट इतका वेग लागतो. ही चित्रे संचावर आणण्यासाठी आंतरजालाशी जोडता येणारा स्मार्ट संच अथवा साध्या संचाला जोडावयाची लहान कांडी वापरतात. २०१३ मध्ये अमेरिकेत आलेल्या क्रोमकास्ट या साधनात फोनवरून केवळ सूचना दिली जाते. चित्रे ते साधन स्वतःच आंतरजालावरून घेते.

प्रसार : सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर फोनवरील आंतरजालाचे दर झपाट्याने उतरले. परिणामी ग्रामीण भागातील अनेकांना आंतरजालावरील चित्रांचा परिचय प्रथम दिवाणखान्यातील संचावर न होता हातातील फोनवर झाला. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याच्या केंद्र सरकारच्या योजनेस २०११ मध्ये मंजुरी मिळाली व पुढे तिला भारतनेट हे नाव देण्यात आले. तथापि तंतू ग्रामपंचायतीत पोहोचला म्हणजे तो घरात पोहोचला असे नव्हे. शिवाय वीजपुरवठा खंडित झाल्यास संच व जोडणी दोन्ही बंद पडतात.

या जिल्ह्यात आणखी एक विशेष अडचण आहे. येथील लाखो ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात व हंगाम संपेपर्यंत शेतालगतच्या कोपीत राहतात. ज्यांचे घर या काळात कुलूपबंद असते, त्यांना घरातील जोडणीचे मासिक शुल्क वाया जाणारा खर्च वाटतो. कोपीत पुष्कळदा वीजही नसते. संच गावी राहतो. सोबत जातो तो फोन.

करोना साथीमुळे शाळा बंद असताना जुलै २०२० मध्ये दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवरून पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका प्रसारित करण्यात आली. आंतरजाल वा स्वतंत्र फोन नसलेल्या मुलांपर्यंत पोहोचण्यास नेहमीच्या प्रक्षेपणाचाच आधार घ्यावा लागला, ही बाब उल्लेखनीय आहे.

नवे साधन आल्याने जुने लगेच निरुपयोगी होत नाही, असे या इतिहासावरून दिसते. आंतरजालाने कार्यक्रमांची निवड प्रेक्षकाच्या हाती दिली. मात्र वीज, जोडणी व मासिक खर्च यांचा भारही त्याच्यावर टाकला. एका प्रक्षेपणातून असंख्य घरांपर्यंत पोहोचणारी विनाशुल्क सेवा हा भार कमी ठेवते. म्हणून स्थिर उत्पन्न व बारमाही वास्तव्य नसलेल्या कुटुंबांच्या दृष्टीने आंतरजालीय दूरचित्रवाणी ही तिची पूरक ठरते, पर्याय नव्हे.