सेरामपूरचं तिसरं उत्तर

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी कलकत्त्याजवळच्या सेरामपूरला, तिथल्या मिशनरी कॉलेजात, आनंदीबाई जोशी इंग्रजीतून बोलायला उभ्या राहिल्या. वयाची १८ वर्षं पुरी व्हायला अजून पाच आठवडे होते. डॉक्टरकी शिकण्यासाठी अमेरिकेला जाण्याचा बेत लोकांना कळला होता आणि त्यावर चाललेल्या कुजबुजीला त्यांना चारचौघांत उत्तर द्यायचं होतं. या भाषणाचा मजकूर कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ मध्ये छापलेल्या चरित्रात आहे.

लोकांचे सहा प्रश्न त्यांनी स्वतःच मांडले. अमेरिकेलाच का? इथे सोय नाही का? एकटी का? परतल्यावर जात वाळीत टाकेल त्याचं काय? परदेशात काही बरंवाईट झालं तर? आणि आजवर कुठल्या बाईनं केलं नाही ते तूच का करावंस? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात त्यांनी मुंबईत शाळेत जाताना काय सोसलं ते सांगितलं आहे: ओट्यावर बसलेल्या सभ्य माणसांचे टोमणे, खडे, दुकानदारांचं थुंकणं. वाळीत टाकण्याच्या धमकीला त्यांनी दिलेलं उत्तर सरळ आहे: हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन.

पण घर आणि प्रस्थान यांची खरी ओढाताण तिसऱ्या उत्तरात आहे. दोघांनीच जायचं असं आधी ठरलं होतं, असं त्या सांगतात. पैसा पुरेसा नव्हता. त्याहून मोठी अडचण म्हणजे नवऱ्याच्या कमाईवर त्याची म्हातारी माणसं आणि धाकटी भावंडं जगत होती. एकीच्या शिक्षणासाठी इतक्यांना उपाशी ठेवणं माणुसकीला धरून नाही, म्हणून मी एकटी जाते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. घर सोडण्याचं समर्थन त्यांनी घराच्या जबाबदारीवरच उभं केलं. कर्तव्य झुगारणारी बंडखोर बाई लोकांना नाकारता आली असती. कर्तव्य सांभाळण्यासाठीच एकटी निघालेल्या सुनेला काय म्हणणार?

तरीही हे भाषण होतं, आणि भाषण म्हणजे मन वळवण्याचा प्रयत्न. त्यावरून मनात काय होतं ते थेट ठरवता येत नाही. म्हणून त्याच्या शेजारी आणखी दोन कागद ठेवावे लागतात.

पहिला कागद चार महिन्यांनंतरचा. ७ एप्रिलला कलकत्ता सोडून त्या ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या, आणि त्याच महिन्यात फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे प्रवेशासाठी अर्ज केला. आप्तेष्ट आणि जात या दोघांचा एकवटलेला विरोध मोडून आपण आलो आहोत, असं त्यात त्यांनी लिहिलं आहे. सेरामपूरला समजुतीचा सूर होता, इथे निर्धार पुढे केला आहे. ऐकणारे बदलले की तीच बाई तीच गोष्ट वेगळ्या बाजूनं मांडते. यात खोटेपणा शोधण्याचं कारण नाही.

दुसरा कागद खासगी आहे आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेतून नवऱ्याला, गोपाळरावांना, लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी जुना हिशेब मांडला आहे. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांचा मार, नंतर अंगावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तकं, सोडून जाण्याच्या धमक्या. तुमचं वागणं बरं की वाईट हे ठरवणं अवघड आहे, असं त्या म्हणतात: अंतिम हेतू पाहिला तर बरोबर, कोवळ्या मनावरचा परिणाम पाहिला तर चूक. हिंदू बाईला नवऱ्यापुढे गप्प राहण्याचाच हक्क आहे, असा बोचरा शेराही त्यात आहे.

हे पत्र वाचलं की ओढाताणीचं नेहमीचं चित्र बदलतं. घर एकीकडे आणि शिक्षण दुसरीकडे, असं इथे नव्हतं. बायकोला शिकवण्यासाठी १८७८ मध्ये कोल्हापूरहून अमेरिकी मिशनऱ्याला पत्र धाडणारा नवराच तिला घराबाहेर ढकलत होता. ते पत्र छापून आलं, आणि ते वाचूनच न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाई तिच्याशी जोडल्या गेल्या. म्हणजे नवऱ्याची आज्ञा पाळणं आणि घर सोडणं एकच झालं होतं. तिची स्वतःची इच्छा त्यात किती होती? १८८३ च्या अर्जातला निर्धार उसना वाटत नाही, एवढं मी ठामपणे म्हणेन.

तिसऱ्या उत्तराला मात्र पुढे एक तळटीप जोडावी लागते. ज्या माणसाला घरच्यांच्या पोटासाठी जाता येत नव्हतं, ते गोपाळरावही नोकरी सोडून अमेरिकेला गेले. ११ मार्च १८८६ च्या पदवीदानाला ते फिलाडेल्फियात हजर होते. लोकांपुढे कुटुंबाच्या पोटापाण्याची बाजू मांडण्याचं काम १७ वर्षांच्या मुलीनं केलं. ती अडचण ओलांडण्याची मुभा नवऱ्यानं स्वतःला परस्पर घेतली.

आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. श्री. ज. जोशींची ‘आनंदी गोपाळ’ कादंबरी किंवा त्याच नावाचा चित्रपट एवढ्यावरच ज्यांची ओळख थांबली आहे, त्यांनी अंजली कीर्तने यांनी लिहिलेलं चरित्र जरूर हाती घ्यावं.