माऊसने वळण घेणे : ऑनलाइन भूमिकाखेळांतील दिशानिर्देश आणि नगर जिल्ह्यातील दाखले

दिशा सांगण्याच्या ज्या रीती मानवी भाषांत आढळतात त्यांचे स्थूलमानाने तीन वर्ग केले जातात. नायमेखेन येथील माक्स प्लांक मनोभाषाविज्ञान संस्थेत स्टीफन लेव्हिन्सन व त्यांचे सहकारी ह्यांनी अनेक भाषांचा तौलनिक अभ्यास करून ही विभागणी विशेष स्पष्ट केली; लेव्हिन्सन ह्यांचा ह्या विषयावरील ग्रंथ 2003 साली प्रसिद्ध झाला. पहिली रीत निरपेक्ष होय. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिताना पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक असे सांगितले जाते. वाचणारा कोठेही तोंड करून उभा असला तरी पूर्व ती पूर्वच राहते. दुसरी रीत अंगभूत. तीत डावे-उजवे त्या वस्तूच्या किंवा प्राण्याच्या स्वतःच्या अंगावरून ठरते; जोडीतला डावा बैल समोरून पाहणाऱ्याच्या उजव्या हाताला असला तरी डावाच. तिसरी रीत सापेक्ष. "झाडाच्या डावीकडे विहीर आहे" असे म्हणताना झाडाला स्वतःचे डावे अंग नसते; ते बोलणाराच आपल्या जागेवरून झाडाला देत असतो. ऑनलाइन भूमिकाखेळांत पात्राला वाट चालायला लावण्याची जी साधने एकामागून एक आली, त्यांचा इतिहास ह्या तीन रीतींच्या आधारे वाचला, तर माऊसने वळण घेणे नवशिक्याला अवघड का जाते ह्याचा उलगडा होतो.

ह्या खेळांचा आरंभ शब्दांपासून झाला. 1978 साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ ह्या विद्यार्थ्याने 'मड' नावाचा खेळ रचण्यास प्रारंभ केला व रिचर्ड बार्टल ह्याने तो पुढे वाढविला. त्यात चित्र नव्हते. दालनाचे वर्णन पडद्यावर उमटे आणि खेळणारा की-बोर्डवर 'उत्तर', 'पूर्व' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द किंवा त्याचे आद्याक्षर लिहून पुढच्या दालनात जाई. पात्राला तोंड नव्हते, पाठ नव्हती; त्यामुळे 'डावीकडे वळ' ह्या आज्ञेला तेथे अर्थच नव्हता. खरेदीखतातील चतुःसीमेप्रमाणे हा व्यवहार संपूर्णपणे निरपेक्ष होता. ज्याला शब्द येत होता त्याला चालता येत होते.

माऊस त्या वेळी अस्तित्वात होता. डग्लस एंगलबार्ट व बिल इंग्लिश ह्यांनी 1964 च्या सुमारास त्याचा पहिला लाकडी नमुना सिद्ध केला आणि 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एंगलबार्ट ह्यांनी त्याचे जाहीर प्रात्यक्षिक केले. परंतु ते दाखविण्याचे साधन होते, वळविण्याचे नव्हे. भूमिकाखेळांत माऊस आला तोही प्रथम ह्याच नात्याने. 1997 च्या प्रारंभी बाजारात पसरलेल्या 'डायब्लो'त जमिनीवर कळ दाबली की पात्र त्या ठिकाणी चालत जाई. त्याच वर्षी सप्टेंबरात आलेल्या 'अल्टिमा ऑनलाइन'मध्ये उजवी कळ दाबून धरली की पात्र कर्सरच्या दिशेने चाले. कर्सर जवळ असला तर सावकाश, दूर असला तर धावत. 2002 साली कोरियात सुरू झालेल्या 'रॅग्नारोक ऑनलाइन'मध्येही चालण्याची रीत कळ दाबून जागा दाखविण्याचीच होती. भाषेच्या दृष्टीने पाहता ही सर्व 'तिथे जा' ह्या एकाच वाक्याची रूपे होत. खेळणारा उंचावरून पाहतो, बोट दाखवितो आणि वळण्याचे काम पात्र स्वतः करते.

महाराष्ट्रात माऊसची ओळख असंख्य लोकांना झाली ती ह्याच अर्थाने. 2001 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू केला आणि त्याची केंद्रे तालुक्यांच्या गावांपर्यंत पोचली. तेथे नवशिक्या काय शिकला? माऊस टेबलावर पुढे सरकविला असता पडद्यावरील बाण वर जातो. टेबलाची कड आली तर माऊस उचलून पुन्हा मागे ठेवावा. एकदा दाबणे, दोनदा दाबणे, धरून ओढणे. ही सर्व दाखविण्याची कौशल्ये होत आणि कार्यालयीन कामास ती पुरेशी आहेत.

तिसऱ्या अवस्थेत मात्र हे शिक्षण अपुरे पडते. 1994 च्या 'मॅरेथॉन' व 1996 च्या 'क्वेक' ह्या नेमबाजीच्या खेळांत माऊसने नजर फिरविण्याची सोय आलेली होती. भूमिकाखेळांत 1999 सालच्या 'एव्हरक्वेस्ट'ने जग पात्राच्या डोळ्यांतून दाखविले आणि नोव्हेंबर 2004 मध्ये आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने माऊसच्या दोन कळांत एक सूक्ष्म भेद केला. डावी कळ धरून माऊस हलविला तर केवळ पाहण्याची दिशा बदलते. पात्र ज्या वाटेने जात होते त्याच वाटेने जात राहते. उजवी कळ धरून हलविला तर पात्रच वळते. दोन्ही कळा एकदम धरल्या की ते पुढे धावू लागते. दाखविणारा बाण ह्या वेळी पडद्यावरून नाहीसा होतो आणि पडद्याची कडही राहत नाही. माऊस उचलून पुन्हा सरकवीत राहिले तर पात्र स्वतःभोवती कितीही वेळा फिरू शकते. बाण कोठे गेला म्हणून नवशिक्या गोंधळतो, कारण त्याला माहीत असलेला माऊस 'तिथे' म्हणणारा आहे आणि हातात आलेला माऊस 'वळ' म्हणणारा आहे.

ह्या अडचणीचे मूळ नजर आणि गती ह्यांच्या वियोगात आहे. पूर्वीच्या वाहनांत हा वियोग फारसा जाणवत नसे. नगर जिल्ह्यातील गाडीवानाचे उदाहरण घ्यावे. गाडी डावीकडे घ्यावयाची असता तो कासऱ्याने डावा बैल आवरतो व उजव्याला पुढे काढतो. त्याचे तोंड बैलांच्याच दिशेला असते. बैलांचे डावे तेच त्याचे डावे. त्यामुळे डावीकडे म्हणजे कोणाच्या डावीकडे, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहत नाही.

तो प्रश्न ज्या यंत्राने उभा केला त्याचे शिक्षणही ह्याच जिल्ह्यात दिले जाते. 1938 साली हिंदी घोडदळाच्या पहिल्या दोन पलटणी, सिंद हॉर्स व तेरावी लान्सर्स, घोडे सोडून वाहनांवर आल्या. स्वातंत्र्यानंतर 1948 मध्ये अहमदनगर येथे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल ही संस्था आकारास आली. 2024 साली अहिल्यानगर असे नामकरण झालेल्या ह्या शहरातील रणगाडा संग्रहालयात, जे 1994 मध्ये स्थापन झाले, रणगाड्यांच्या अनेक पिढ्या पाहावयास मिळतात. शर्मन, सेंचुरियन किंवा टी-72 ह्यांच्या चालकापुढे दोन दांडे असतात. डावा दांडा ओढला की डावीकडचा पट्टा मंदावतो, उजवा धावत राहतो आणि रणगाडा डावीकडे वळतो. येथपर्यंत बैलजोडीचेच तत्त्व आहे. परंतु रणगाड्याचा वरचा भाग, म्हणजे तोफेचा घुमट, धडापासून स्वतंत्रपणे फिरतो. घुमट उजव्या अंगाला वळलेला असताना आत बसलेल्या कमांडरचे 'समोर' आणि खाली बसलेल्या चालकाचे 'समोर' ह्यांत काटकोनाचे अंतर पडते. अशा वेळी कमांडरने चालकाला दिलेली 'डावीकडे' ही आज्ञा चालकाच्या, म्हणजे धडाच्या, अंगावरूनच समजली गेली पाहिजे. अन्यथा रणगाडा भलत्याच वाटेला लागेल. बोलणाऱ्याने आपले डावे-उजवे बाजूला ठेवून ऐकणाऱ्याच्या अंगावरून बोलावयाचे, हा येथील भाषिक नियम होय. शाळांतील कवायतीतही 'दाहिने मुड' म्हणणारा शिक्षक मुलांकडे तोंड करून उभा असतो आणि मुले स्वतःच्या उजवीकडे वळतात, ते ह्याच नियमाने.

2010 साली 'वर्ल्ड ऑफ टँक्स' हा ऑनलाइन खेळ निघाला. तो भूमिकाखेळ नव्हे. परंतु भूमिकाखेळांतील दोन कळांचा भेद त्यात यंत्ररूपाने उघडा पडतो. तेथे की-बोर्डच्या कळांनी रणगाड्याचे धड वळते आणि माऊसने घुमट. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मधील डावी कळ म्हणजे कमांडरची नजर आणि उजवी कळ म्हणजे चालकाचे दांडे, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. भेद इतकाच की, रणगाड्यात ही कामे वेगवेगळ्या माणसांकडे असतात आणि त्यांच्यामध्ये बोलल्या जाणाऱ्या आज्ञा असतात. खेळात ती एकाच व्यक्तीच्या दोन हातांत येतात आणि मधली भाषा गळून पडते.

ही भाषा गळून पडणे हीच शिक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाची घटना होय. ज्या क्रियेला शब्द उरत नाही ती सांगून शिकविता येत नाही. शेजारी बसून, हातावर हात ठेवूनच ती देता येते. परिणामी ज्याला असा शेजारी लाभला त्यालाच ती येते. अभ्यासक्रमाने दाखविणे शिकविले. वळणे खेळणाऱ्यांच्या संगतीवर सोडले. आणि खेळ हा कालापव्यय मानला गेल्याने त्या कौशल्याची दखल घेण्याचे कारणही कोणास वाटले नाही. वस्तुतः मराठीत हा भेद व्यक्त करण्यास लागणारे शब्द घरगुती वापरातलेच आहेत. 'मान वळव' आणि 'वळ', 'डावीकडे बघ' आणि 'डावीकडे चल' ह्या जोड्या कोणत्याही मुलाला कळतात. डाव्या कळेला 'मान' आणि उजव्या कळेला 'अंग' असे म्हटले तरी दोन कळांचा भेद सांगण्यापुरता स्पष्ट होतो. 'लेफ्ट क्लिक' आणि 'राइट क्लिक' ही नावे कोणते बोट दाबावे एवढेच सांगतात. दाबल्याने काय वळते ते सांगत नाहीत. शिवाय कळेचे डावे-उजवे आणि वळण्याचे डावे-उजवे ह्यांचा नवा घोटाळा त्यांमुळे उत्पन्न होतो.

हा प्रश्न खेळापुरता मर्यादित राहिलेला नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 15,000 महिला स्वयंसाहाय्यता गटांना शेतीसाठी ड्रोन पुरविण्याची योजना मंजूर केली. फवारणी करणारे ड्रोन चालकाकडे तोंड करून परत येऊ लागले की त्याचे डावे ते चालिकेचे उजवे होते. तिने दांडी आपल्या डावीकडे ढकलली तर ते तिच्या उजवीकडे जाते. नियंत्रकाच्या पडद्यावर ड्रोनच्या कॅमेऱ्यातून पाहिले असता हा उलटेपणा नाहीसा होतो, आणि नजर शेतावरून पडद्याकडे नेताच चौकट पुन्हा बदलते. 'डावीकडे घ्या' असे शिकविणाऱ्याने कोणाच्या डावीकडे हे प्रथम सांगितले नाही, तर चूक शिकणारीच्या माथी मारली जाईल. वास्तविक ती चूक अपुऱ्या वाक्याची असेल. रणगाड्याच्या कमांडरला जो नियम पाळावा लागतो तोच येथे लागू आहे : आज्ञा देणाऱ्याने ज्याला वळावयाचे आहे त्याच्या अंगावरून बोलावे, आणि कोणाच्या अंगावरून बोलत आहोत ते आरंभीच सांगावे.