मंडईचे नाव आणि नाकारलेले नाटक

(१) पुण्याच्या मंडईत रोज हजारो माणसे भाजी घेऊन जातात. वास्तूवर नाव आहे महात्मा फुले यांचे. समाजसुधारक म्हणून हे नाव सर्वांना ठाऊक असते. नाटककार म्हणून मात्र फारच थोड्यांना. जोतीराव फुले यांनी वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी एक नाटक लिहिले, ते बक्षिसासाठी धाडले, आणि ते नाकारले गेले. ते छापून वाचकांसमोर यायला १२४ वर्षे लागली. ही कथा त्या नाटकाची आणि त्या बक्षिसाचीही.

(२) आधी बक्षीस. पेशवाईत श्रावण महिन्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. त्यासाठी देशोदेशीचे शास्त्री-पंडित पुण्यात जमत. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, तरी एल्फिन्स्टनने ही प्रथा एकदम बंद केली नाही. त्याच पैशातून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. मंडईपासून हा वाडा चालत काही मिनिटांच्या अंतरावर आहे.

(३) १८४९ मध्ये लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख आणि इतर सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला. या निधीतला काही भाग चांगल्या मराठी ग्रंथांना उत्तेजन देण्यासाठी वापरावा, अशी त्यांची मागणी होती. सनातनी मंडळींनी कडाडून विरोध केला. त्या वेळी तरुण जोतीराव सुधारकांच्या पाठीशी उभे राहिले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे ‘दक्षिणा प्राइज कमिटी’ अस्तित्वात आली. जन्मावर मिळणाऱ्या दानाचा एक वाटा आता लेखणीला मिळू लागला.

(४) तोवर जोतीरावांचे नाव पुण्यात गाजू लागले होते. स्कॉटिश मिशनच्या शाळेत त्यांचे इंग्रजी शिक्षण झाले होते. १८४८ मध्ये बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. १८५२ मध्ये याच विश्रामबागवाड्यात सरकारने त्यांचा जाहीर सत्कार केला. शिक्षक म्हणून सरकारदरबारी मान मिळालेला हा माणूस १८५५ मध्ये लेखक म्हणून कमिटीपुढे आला. नाटकाचे नाव होते ‘तृतीय रत्न’. तिसरे रत्न म्हणजे तिसरा डोळा, अर्थात विद्या.

(५) कथानक साधे आहे. एका गरीब कुणब्याची बायको गरोदर आहे. दाराशी आलेला जोशी ग्रहांची भीती घालतो. बाळावर संकट आहे, ते टाळायला अनुष्ठान हवे, ब्राह्मणभोजन हवे. घाबरलेले जोडपे होते-नव्हते ते खर्ची घालते आणि कर्जात बुडते. जोशाची घरे भरण्याची हातचलाखी आणि कुणब्याची भाबडी श्रद्धा यांचे चित्र फुले बारकाईने, बोलीभाषेच्या जोरावर उभे करतात.

(६) मग रंगमंचावर पाद्री येतो. बायबलमधून आलेला विचार तो कुणब्यापुढे मांडतो : निर्माता एकच आहे, सारी माणसे त्याची लेकरे आहेत, त्याच्याकडे जायला मध्यस्थ लागत नाही. मिशनच्या शाळेत बायबलचे पाठ झालेल्या जोतीरावांना ही भाषा परिचयाची होती. सोबत विदूषक आहे. संस्कृत नाटकात तो राजाचा मित्र असतो. इथे तो कुणाचाच नाही. प्रत्येक प्रसंगावर तो तिखट भाष्य करतो आणि प्रेक्षकाला डुलकी घेऊ देत नाही.

(७) इथे वाचकाची एक अपेक्षा चुकते. पाद्री आला म्हणजे शेवट बाप्तिस्म्याने होणार, असे वाटते. तसे होत नाही. नवरा-बायको चर्चकडे जात नाहीत. फुले दांपत्याच्या रात्रीच्या शाळेत जाऊन लिहा-वाचायला शिकायचे, असे ते ठरवतात. जोतीरावांनी कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा सुरू केली तीही १८५५ मध्येच.

(८) दोनच वर्षांनी, १८५७ मध्ये, बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी आली. विधवांच्या यातना सांगणाऱ्या त्या कथेची वाट ख्रिस्ती धर्माकडे जाते. दोन्ही लेखकांवर मिशनच्या शिक्षणाचा संस्कार होता आणि दोघांनीही समाजाचे दुखणे नेमके ओळखले होते. औषध मात्र वेगळे दिले. फुल्यांनी बायबलमधून समतेचा विचार घेतला, पण धर्मांतर केले नाही. पुढे ‘गुलामगिरी’त त्यांनी येशूला बळीराजाच्या परंपरेत बसवले.

(९) कमिटीने नाटक नाकारले. याची हकिकत फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त स्वतः नोंदवली आहे. तिचा आशय असा : कमिटीतल्या ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपीय सभासदांचे काही चालले नाही. भटांची लबाडी दाखवणाऱ्या नाटकाला दक्षिणेच्या निधीतून बक्षीस मिळणे किती अवघड होते, हे वेगळे सांगायला नको. ज्या सुधारणेसाठी जोतीराव उभे राहिले होते, तिच्याच दारातून त्यांना परत फिरावे लागले.

(१०) याचा अर्थ सारे पुणेरी ब्राह्मण त्यांच्या विरोधात होते, असा नाही. भिडे वाडा शाळेला देणारे तात्यासाहेब भिडे, शाळांच्या कामातले सोबती सदाशिव बल्लाळ गोवंडे आणि मोरो विठ्ठल वाळवेकर हे ब्राह्मणच होते. माणसे मदत करू शकतात आणि तरीही संस्था जुन्या वळणावर चालू शकते. इतिहास वाचताना हा फरक सुटू नये.

(११) नकारानंतर फुल्यांनी नाटक बाजूला ठेवले. चौदा वर्षांनी, १८६९ मध्ये, ‘ब्राह्मणांचे कसब’ हे पद्य त्यांनी स्वतःच्या खर्चाने छापले. त्यानंतर त्यांनी कुणाच्या बक्षिसाची वाट पाहिली नाही. नाटकाचे हस्तलिखित मात्र कागदपत्रांतच राहिले. ते छापून आले १९७९ मध्ये, ‘पुरोगामी सत्यशोधक’ या नियतकालिकात. तोवर लेखकाच्या मृत्यूला ८९ वर्षे झाली होती.

(१२) या विलंबाची किंमत मोठी आहे. मराठी रंगभूमीचा आरंभ १८४३ मधल्या विष्णुदास भाव्यांच्या ‘सीतास्वयंवरा’पासून मानतात. स्वतंत्र गद्य नाटकाचा पहिला मान विनायक जनार्दन कीर्तने यांच्या ‘थोरले माधवराव पेशवे’ला देण्याचा प्रघात आहे. ते प्रसिद्ध झाले १८६१ मध्ये. त्याच्या सहा वर्षे आधी, पुराण आणि राजेरजवाडे सोडून, एका कर्जबाजारी कुणब्याच्या ओसरीवर घडणारे नाटक लिहून तयार होते. ते छापले गेले असते, तर पुढच्या नाटककारांना दुसरी एक वाट दिसली असती. बक्षीस नाकारले जाते तेव्हा लेखकाचे पैसे बुडतात. पुस्तक नाहीसे होते तेव्हा पिढ्यांचे वाचन बुडते.

(१३) आता पुन्हा मंडई. ही वास्तू १८८६ मध्ये ‘रे मार्केट’ म्हणून उघडली, मुंबई प्रांताचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने. नगरपालिकेचे सदस्य असताना फुल्यांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर घालावा, असे त्यांचे म्हणणे. ‘तृतीय रत्न’चा शेवट आणि नगरपालिकेतला हा विरोध, दोन्हींतली मागणी एकच : आधी शाळा.

(१४) पुण्याने त्यांना पुढेही सहज स्वीकारले नाही. १९२५ मध्ये केशवराव जेधे यांनी नगरपालिकेत फुल्यांच्या पुतळ्याचा प्रस्ताव मांडला. तो फेटाळला गेला. अखेर १९३८ मध्ये मंडईला त्यांचे नाव मिळाले. त्यासाठी पुढाकार घेतला तो आचार्य अत्र्यांनी, म्हणजे दुसऱ्या एका नाटककाराने. याच अत्र्यांच्या ‘महात्मा फुले’ चित्रपटाला पुढे सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. फुल्यांच्या लेखणीला जे बक्षीस नाकारले गेले, ते त्यांच्या आयुष्यावरच्या कथेला मिळाले.

(१५) ज्या इमारतीला त्यांनी विरोध केला तिला त्यांचे नाव आहे. ज्या नाटकासाठी त्यांनी मान्यता मागितली त्याचे नाव मंडईत कुणाला विचारले, तर क्वचितच सांगता येईल. पुतळे आणि पाट्या उशिरा का होईना, उभ्या राहतात. नाटकाला मात्र वाचक लागतो. ‘तृतीय रत्न’ आज फुल्यांच्या समग्र वाङ्मयात उपलब्ध आहे, आणि ते एका बैठकीत वाचून होते.