नकाराची किंमत : रोजगार हमीचा एक अर्थ

अर्थशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकात मागणी आणि पुरवठ्याच्या दोन रेषा एकमेकींना छेदतात आणि त्या बिंदूवर मजुरी ठरते. ग्रामीण कथा-कादंबरीच्या वाचकाला हे चित्र अपुरे वाटते, आणि ते सकारण. लातूरच्या आडतीवर तुरीला भाव नसेल तर ऐपतदार शेतकरी पोती घरी ठेवू शकतो. मजुराला आपला आजचा दिवस उद्यासाठी राखून ठेवता येत नाही. शिवाय गावात काम देणारी घरे मोजकी आणि मागणारे हात पुष्कळ. अशा बाजारात मजुरी ठरते ती मजुराला 'नाही' म्हणणे कितपत परवडते यावरून.

औसा तालुक्याचा (1982 पर्यंत हा उस्मानाबाद जिल्ह्याचा भाग होता) विचार करू. कोरडवाहू शेतीत पेरणी, खुरपणी आणि काढणी यांच्यापुरतेच काम. मधले महिने रिकामे. त्या महिन्यांत मजुरापुढे पर्याय दोन : सालगडी म्हणून वर्षभर बांधून घेणे, किंवा मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जाणे. 'उचल' हा शब्द किती बोलका आहे पाहा. जी रक्कम मजूर उचलतो, तीच पुढे त्याला गावातून उचलून नेते.

या पार्श्वभूमीवर रोजगार हमी योजनेचा इतिहास वाचायला हवा. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून 1965 साली सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे पहिला प्रयोग झाला. पुढे 1972 चा दुष्काळ आला. मराठवाड्याच्या स्मृतीत तो खडी, सुकडी आणि मिलो या तीन शब्दांत शिल्लक आहे. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर जवळजवळ 50 लाख माणसे होती. 1977 मध्ये कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. काम मागितल्यापासून 15 दिवसांत काम, मोजमापावर मजुरी, स्त्री-पुरुषांना एकच दर. यासाठी 1975 चा व्यवसाय कर बसविण्यात आला. आपल्या पगारपत्रकातील त्या छोट्या कपातीचा उगम तोच.

गरीब कोण हे ठरविण्यासाठी येथे दाखल्याची गरज नव्हती. उन्हात माती उपसण्याची तयारी हीच पात्रता. याहून महत्त्वाचे असे की, कामावर न गेलेल्या मजुरालाही या हमीचा उपयोग होता. जवळच पाझर तलावाचे काम सुरू आहे, एवढ्यानेच बांधावरच्या बोलणीत त्याचे पारडे जड होत असे. मोठ्या बागायतदारांना ही योजना का खुपत होती, हेही यावरून कळते.

तथापि या हमीची दुसरी बाजूही आहे. 1988 मध्ये किमान वेतनाबरोबर योजनेचा दर जवळजवळ दुप्पट झाला. दर वाढल्यावर काम मागणारे वाढतील, हा साधा नियम. प्रत्यक्षात कामावरची उपस्थिती झपाट्याने घटली. रॅव्हेलियन, दत्त आणि चौधुरी यांनी 1993 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचे कारण दाखविले : खर्चाला आवर घालण्यासाठी कामेच कमी उघडली गेली. ज्याला काम मिळाले त्याची मजुरी वाढली. ज्याला मिळाले नाही त्याच्यासाठी हमीचे शिधावाटप झाले.

यावरून किमान वेतन वाढवूच नये, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. दर कायद्याने ठरला, पण कामाची संख्या कचेरीच्या मर्जीवर राहिली, हे त्या प्रसंगाचे मर्म आहे. 2005 साली केंद्राने रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता; नांदेड आणि हिंगोली हे त्याच्या पहिल्या टप्प्यातील जिल्हे. तरीही प्रश्न शिल्लक राहतोच. हमीचे मोल मस्टरवरील हजेरीत मोजायचे, की मुकादमाची उचल परत करण्याच्या धैर्यात? आपल्या साहित्याने सोसणे पुष्कळ लिहिले. मजुराचा नकार, आणि त्या नकाराला लागणारा आधार, अजून पुरेसा लिहिला गेलेला नाही.